दांडी नसलेली सायकल का मोडते?

सांगोल्यात आमच्या घरी दोन सायकली होत्या. एक आजोबांची काळी, चोवीस इंची, दांडीवाली. दुसरी आईची लेडीज सायकल. आजोबा आपल्या सायकलीला दोन्ही बाजूंनी वीस-वीस लिटरचे दुधाचे कॅन अडकवून रोज डेअरीवर जायचे आणि येताना कॅरिअरवर पेंडीचं पोतं टाकून आणायचे. मी हाप पायडल शिकले ती याच सायकलीवर, दांडीखालून पाय घालून. तीस वर्षांत तिची चाकं बदलली, पुढचा चिमटा बदलला, सीट किती बदलल्या याचा तर हिशोबच नाही. फ्रेम मात्र शेवटपर्यंत तीच.

आई अंगणवाडीत होती. कडलास रस्त्याला एका वस्तीवर तिची अंगणवाडी, जाऊन-येऊन बारा किलोमीटर. कॅरिअरवर कधी मी, कधी सामानाची पिशवी. सायकलीला चौथं वर्ष लागलं आणि फ्रेमला तडा गेला. वरची तिरकी नळी सीटखालच्या उभ्या नळीला जिथे मिळते, बरोबर त्या जोडाशी. मिस्त्रीनं वेल्डिंग करून दिलं. आठ महिन्यांनी वेल्डिंगच्या अगदी शेजारी परत तडा. तेव्हा मिस्त्री आईला म्हणाला, "बाई, हिला दांडीच न्हाय. मोडणारच की ही."

आईनं सायकल सोडली. त्यानंतर ती वडापनं जायला लागली. वडाप भरेपर्यंत थांबायचं, रोजचे पैसे जायचे, आणि संध्याकाळी यायला उशीर. मी तेव्हा सातवीत होते. मिस्त्रीचं ते वाक्य मला निसर्गनियमासारखं वाटलं होतं: बायकांची सायकल कच्ची असते, त्याला इलाज नाही.

आज मी धातूंच्या थकव्यावर पीएच.डी. करतेय. एरवी या ब्लॉगवर मी माझ्या संशोधनातला एखादा मुद्दा सोपा करून सांगते. आज थोडा इतिहास सांगणार आहे. कारण मिस्त्रीचं वाक्य निम्मं बरोबर होतं आणि निम्मं चूक, आणि चूक कुठे आहे ते कळायला सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

त्रिकोण कुठून आला

आपण ज्याला साधी सायकल म्हणतो तिचा जन्म इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ले यांनी 'रोव्हर' नावाची सायकल आणली. दोन जवळपास सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. त्याआधी पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं असायचं आणि चालवणारा त्याच्या डोक्यावर बसायचा, पडला की तोंडावरच. १८८८ मध्ये डनलॉप यांचं हवेचं टायर आलं. रोव्हरच्या पहिल्या फ्रेमला सीटखालची उभी नळी नव्हती. पुढच्या चार-पाच वर्षांत ती आली आणि फ्रेमला पतंगासारखा आकार मिळाला: पुढे एक मोठा त्रिकोण, मागे एक छोटा. (पुढचा त्रिकोण खरं तर चौकोन आहे, हँडलखालची आखूड नळी ही त्याची चौथी बाजू. पण ती इतकी आखूड की काम त्रिकोणाचंच होतं.)

ही सायकल आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात सांगताना १८८८ हे साल सांगतात, आणि ती सुरुवात म्हणजे बेळगावातलं सायकलचं छोटं दुकान. लोखंडी नांगर नंतरचे, किर्लोस्करवाडी तर १९१० ची. म्हणजे या भागातल्या शेतकऱ्याला नांगर देणाऱ्या माणसाचा हात आधी सायकलींवर फिरला होता.

या पतंगी फ्रेमचा टिकाऊपणा पाहायचा तर मुंबईचंच उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईतून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं मार्च १९२८ मध्ये ती पूर्ण करून परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर. बलुचिस्तान, इराण, सिनाईचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश. डांबर जवळपास कुठेच नाही, गिअर नाहीत, सुटे भाग मिळण्याची खात्री नाही.

का टिकते ही फ्रेम? तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन सुतळीनं बांधून बघा. चौकोन बोटानं ढकलला तरी तिरका होतो. त्रिकोण होत नाही. त्याचा आकार बदलायचा तर एखादी काडीच लांब किंवा आखूड व्हायला हवी. म्हणून त्रिकोणावर वजन टाकलं की त्याच्या बाजू वाकत नाहीत, फक्त ओढल्या किंवा दाबल्या जातात. रेल्वेच्या लोखंडी पुलांना त्रिकोण दिसतात ते याचमुळे.

वहीच्या एका पानाचं गणित

ओढलं जाणं आणि वाकणं यात फरक किती? आपणच काढू. साधी पोलादी नळी घ्या, व्यास २८.६ मिलिमीटर, पत्र्याची जाडी १.२ मिलिमीटर. कापून बघितलं तर तिच्या कड्याचं क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस मिलिमीटर. आता ७० किलोचा माणूस, म्हणजे साधारण ७०० न्यूटन बळ, नळीच्या लांबीच्या दिशेनं दाबू. ताण येतो ७००/१०३, म्हणजे ७ मेगापास्कलच्याही आत. पोलादाला हे काहीच नाही.

आता तेच ७०० न्यूटन नळीला आडवे लावू, जोडापासून फक्त १० सेंटिमीटरवर. नळी वाकायला बघते आणि तिच्या कडेवरचा ताण होतो जवळपास १०० मेगापास्कल. वजन तेच, नळी तीच, ताण चौदापट. सगळंच्या सगळं वजन आडवं पडत नाही हे खरं. पण त्याचा चौथा हिस्सा जरी आडवा पडला, तरी ताण सरळ दाबाच्या साडेतीनपट होतो.

आता आईच्या सायकलीकडे या. दांडीवाल्या फ्रेममध्ये दांडी, सीटखालची उभी नळी आणि मागच्या चाकाकडून येणाऱ्या दोन बारीक नळ्या, सगळ्या सीटखाली एकाच ठिकाणी भेटतात. बळं एका बिंदूत येतात आणि नळ्यांच्या लांबीतून निघून जातात. लेडीज फ्रेममध्ये दांडी काढून तिच्या जागी तिरकी नळी लावलेली असते आणि ती सीटच्या नळीला वीतभर खाली मिळते. मागच्या नळ्या वर, पुढची नळी खाली. मधला वीतभर तुकडा दोघांच्या ओढाताणीत वाकतो. मागे कुणी बसलं की जास्त वाकतो, खड्ड्यात आणखी.

म्हणजे तडा गेला तो नेमका जायचा तिथेच. मिस्त्रीचं पहिलं निम्मं बरोबर: दांडी नाही म्हणून तिथे ताण आहे.

ही गोष्ट काही नवी नाही बरं का. आर्चिबाल्ड शार्प नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९६ मध्ये सायकली आणि तीनचाकींवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि फ्रेममधल्या ताणांचं गणित मांडलं. त्रिकोण तोडला की वाकणं सुरू होतं, हे सायकल बनवणाऱ्यांना तेव्हापासून कागदावर माहीत आहे.

ताकद वेगळी, थकवा वेगळा

पण १०० मेगापास्कलनं पोलाद तुटत नाही. साधं पोलादही दुपटीपेक्षा जास्त सहन करतं. मग चार वर्षांनी तडा कसा गेला?

८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली. आसावर त्या दिवशी काही जास्त भार नव्हता. तोच भार, पण लाखो वेळा येऊन गेलेला. नंतर जर्मनीतल्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून मोडले आणि मोजलं, किती ताणाला किती फेऱ्यांनी मोडतो. आमच्या विषयाचा पाया तो. धातू एका झटक्यात जेवढं सोसतो, त्यापेक्षा कितीतरी कमी ताणाला तो वारंवार वाकवल्यावर मोडतो. चमचा पुढे-मागे वाकवून तोडलाय ना लहानपणी? तेच, फक्त फार सावकाश.

आईच्या सायकलीचा हिशोब बघा. पायडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल साधारण ५.४ मीटर जाते. दिवसाचे १२ किलोमीटर म्हणजे सुमारे २,२०० फेऱ्या. प्रत्येक फेरीत दोन पाय दाब देतात, म्हणजे ४,४०० दाब. वर्षातले ३०० दिवस धरले तर १३ लाखांवर. चार वर्षांत पन्नास लाखांच्या पुढे. यात खड्डे धरलेलेच नाहीत. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात फ्रेमला पायडलच्या दाबाच्या एक लाख फेऱ्या देऊन तपासतात. त्यातला दाब रोजच्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून तुलना थेट करू नका. पण आकड्यांचा अंदाज यावा.

वेल्डिंगच्या जोडाला आणखी एक नियम लागू पडतो. ताण दुप्पट झाला की आयुष्य दुप्पटीनं नाही, सुमारे आठपटीनं कमी होतं. उलटही खरं: ताण अर्धा केला की आयुष्य आठपट. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसरा तडा वेल्डिंगच्या शेजारी का गेला, तेही यातच आलं. वेल्डिंगचा थर जिथे संपतो तिथे नळीची जाडी एकदम बदलते, बारीक खाच राहते आणि ताण त्या खाचेत गोळा होतो. मिस्त्रीनं तडा बुजवला. ताण होता तिथेच राहिला.

ताकद आणि थकवा यांतला फरक डोळ्यांनी बघायचा तर पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जा. तिथे दुसऱ्या महायुद्धातली बीएसए कंपनीची घडीची सायकल आहे, विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांसाठी केलेली. तिची फ्रेम पतंगी नाही. वर-खाली वाकवलेल्या नळ्या आणि मधोमध बिजागरी. ती घडी व्हावी, सैनिकाबरोबर खाली यावी आणि उतरल्यावर लगेच चालावी, हे तिचं काम. वीस वर्षं दूध वाहणं हे तिचं कामच नव्हतं. फ्रेम चांगली की वाईट हे विचारण्याआधी तिला कुठलं काम सांगितलं होतं, हे विचारावं लागतं.

आणि वाऱ्याचं काय?

सायकलच्या फ्रेमवर सगळ्यात जास्त डोकं आणि पैसा कशावर खर्च झाला असेल? वाऱ्यावर. त्याची गोष्ट रंजक आहे, थोडक्यात सांगते.

एका तासात सायकल किती लांब नेता येते, या विक्रमाला सायकलच्या जगात फार मान. १९१४ पासून तो ४४.२४७ किलोमीटरवर अडकला होता. ७ जुलै १९३३ ला फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच सायकलपटूनं ४५.०५५ किलोमीटर काढले. तो काही पहिल्या रांगेतला खेळाडू नव्हता. त्याची सायकल वेगळी होती. चार्ल्स मोशे यांनी बनवलेली, पाय पुढे करून जवळजवळ आडवं पडून चालवायची. आडवं पडलेल्या माणसाला वारा कमी अडतो, एवढं साधं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं सायकलची व्याख्या अशी केली की आडव्या सायकली शर्यतीतून बाहेर गेल्या. विक्रमही वेगळ्या खात्यात टाकला.

साठ वर्षांनी तेच परत घडलं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन यांनी लोटस कंपनीच्या सायकलवर सुवर्णपदक घेतलं. तिला नळ्याच नव्हत्या, कार्बन फायबरचा पंखासारखा एकच सांगाडा. १९९३ च्या जुलैत स्कॉटलंडच्या ग्रॅहम ओब्री यांनी स्वतः बनवलेल्या सायकलवर तासात ५१.५९६ किलोमीटर काढले. त्या सायकलीत धुलाई यंत्रातलं बेअरिंग होतं, आणि दांडी नव्हतीच, कारण गुडघ्याला लागायची! आठवड्याभरात बोर्डमन यांनी ५२.२७० केले. १९९६ मध्ये संघटनेनं लुगानो इथे ठराव केला आणि पुढे नियमानं फ्रेम परत त्रिकोणाच्या चौकटीत आणली. २०२२ मध्ये फिलिप्पो गान्ना यांनी ५६.७९२ किलोमीटर केले, तेही याच चौकटीत राहून.

यावरून बरेच लोक म्हणतात की पतंगी फ्रेम नियमांच्या जोरावर टिकली, नाहीतर आपण सगळे आज आडव्या सायकलींवर असतो. शर्यतीपुरतं हे खरं असेल. पण सांगोला-कडलास रस्त्याला कुठल्या संघटनेचा नियम लागू होता? कुणाचाच नाही. तिथे आडवी सायकल का आली नाही, हे बघायला परत वही उघडू.

हवेला ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. वेग दुप्पट, शक्ती आठपट. आमच्याकडच्या उन्हाळी हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१ किलो. ताठ बसलेला माणूस ताशी १५ किलोमीटरनं जात असेल तर हवेसाठी साधारण २४ वॅट लागतात आणि रस्त्यावर टायर घासण्यासाठी २८ वॅट. आजोबांचं दूध धरलं तर घासण्याचा आकडा ४२ वर जातो. शर्यतवाला वाकून ताशी ४० नं जात असेल तर हवेसाठी सुमारे २४० वॅट आणि रस्त्यासाठी जेमतेम ४४. त्याचा शत्रू वारा. आजोबांचा शत्रू रस्ता आणि वजन.

शिवाय हवेचा बहुतेक विरोध माणसाच्या अंगाला होतो. गोल नळ्यांच्या फ्रेमचा त्यात लहान वाटा असतो. नळ्या पंखासारख्या चपट्या करून १५ च्या वेगाला एक वॅट वाचला, तर ५० च्या वेगाला तोच बदल ३७ वॅट वाचवतो. एकाला तो विक्रम, दुसऱ्याला तो कळणारही नाही.

घाटात तर गणित आणखीच वेगळं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पुढे राहणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. पाच टक्के चढावर ताशी १५ नं जायला, सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरले तर, नुसतं वर चढायला १६० वॅटच्या वर लागतात. हवेला पंधराएक. चढाला उभं राहून पायडल मारायची सोय आडव्या सायकलीत नाही.

आमच्याकडचे वाचक म्हणतील, आषाढातला वारा विसरलीस का? नाही विसरले. पाऊस नाही आणि वारा मात्र पडवीचे पत्रे उडवणारा. समोरून ताशी १५ चा वारा असेल आणि तुम्ही १५ नं जात असाल तर हवेचा आकडा २४ वरून ९६ वॅटवर जातो, चौपट. पण तेव्हाही उपाय फ्रेममध्ये नसतो. पदर खोचायचा, हँडलवर वाकायचं, आणि जमलं तर एखाद्या ट्रॅक्टरच्या मागे लागायचं.

म्हणजे आमच्या रस्त्यांवर फ्रेमची परीक्षा वाऱ्याची कधी नव्हतीच. ती होती वजनाची, खड्ड्यांची आणि दुरुस्तीची. साधं पोलाद बाजारपेठेतल्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे जोडून मिळतं. अ‍ॅल्युमिनिअमला वेगळं वेल्डिंग लागतं आणि नंतर बऱ्याचदा ठराविक तापमानाला भाजावं लागतं. शिवाय पोलादात ताण एका मर्यादेखाली ठेवला तर थकवा जवळजवळ थांबतो, अ‍ॅल्युमिनिअमला अशी मर्यादा नाही. ते टिकतं, पण त्यासाठी नळ्या जाड व्यासाच्या कराव्या लागतात. कार्बन फायबर थकव्याला फार चांगलं. पण एखादा दगड जोरात लागला की आत काय झालं ते बाहेरून दिसत नाही.

दांडी नसलेल्या चांगल्या सायकली

आता मिस्त्रीचं दुसरं निम्मं: "मोडणारच की ही."

दांडी काढली गेली ती कपड्यांसाठी. १८८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत बायकांना घोळदार स्कर्टमध्ये सायकलवर बसता यावं म्हणून खाली वाकलेली फ्रेम आली. आपल्याकडे साडीलाही तीच सोयीची पडली. सोबत चेनवरचं झाकण आणि मागच्या चाकाची जाळी आली. सोय खरीच होती. आई दांडीवाल्या सायकलीवर साडी नेसून, मागे मला बसवून कधीच जाऊ शकली नसती.

पण दांडी काढल्यावर मोडलेला त्रिकोण परत कसा भरायचा, याची उत्तरं जगात सापडलेली आहेत. फ्रान्समध्ये मिक्स्ट नावाची फ्रेम आहे. तिच्यात दोन बारीक नळ्या हँडलपासून तिरक्या निघतात, सीटच्या नळीच्या दोन्ही बाजूंनी जातात आणि थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत पोचतात. बळ मधेच सीटच्या नळीवर न सोडता शेवटपर्यंत नेलं जातं. पाय टाकायला जागाही राहते.

दुसरं उत्तर १९६२ चं. मिनी मोटारीचं सस्पेन्शन करणारे अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी लहान चाकांची सायकल काढली. तिच्यात त्रिकोण नाहीच. खाली एकच मोठ्या व्यासाची आडवी नळी, आणि धक्के खाणारं सस्पेन्शन. एकच सायकल घरातल्या बाई-पुरुष सगळ्यांना चालेल अशी. ही 'उघडी' फ्रेम कच्ची नव्हती. त्याच वर्षी जॉन वुडबर्न यांनी मोल्टन सायकलवरून कार्डिफ ते लंडन अंतराचा विक्रम मोडला. हल्लीच्या बॅटरीवाल्या सायकलींची जाड नळी याच विचाराची.

ही मोठ्या नळीची युक्ती किती महाग पडते? नळीचा व्यास १.४ पट केला, म्हणजे २८.६ चे ४० मिलिमीटर केले आणि पत्रा तोच ठेवला, तर वाकण्यातला ताण अर्धा होतो. ताण अर्धा की आयुष्य आठपट, वर म्हटलं तसं. अर्धा मीटर लांबीच्या नळीचं वजन ४०० ग्रॅमवरून ५७० ग्रॅमवर जातं. पावशेरही नाही. चार वर्षांत मोडणारा जोड कागदावर तीस वर्षांच्या पलीकडे जातो. प्रत्यक्षात गंज, खड्डे, जोडाचं काम यांमुळे इतका सरळ हिशोब होणार नाही, पण दिशा तीच. सगळी नळी बदलायची नसेल तर फक्त जोडापाशी जाड नळीची एक बाही चढवली तरी बराच फरक पडतो.

तर मिस्त्रीचं दुसरं निम्मं चूक होतं. दांडी नसलेली सायकल मोडणारच असं काही नाही. दांडीवाल्या सायकलीच्याच नळ्या घेऊन, त्याच जाडीच्या, नुसती दांडी खाली वाकवून बनवली तर ती मोडते. गणित १८९६ पासून उपलब्ध होतं, उपाय किमान १९६२ पासून रस्त्यावर होता. शर्यतीतल्या वॅटसाठी पवनबोगदे लागले. बारा किलोमीटर जाणाऱ्या बाईच्या जोडासाठी पावशेर पोलाद लागत होतं.

हे आजही जुनं झालेलं नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश यांच्या अभ्यासात दिसलं की तिच्यामुळे मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि मुला-मुलींतलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. अशा सायकलीला तडा गेला तर शाळेचं अंतर परत पायांवर येतं. आईचं वडापवर आलं होतं तसंच.

जाता जाता

तुमच्या घरी दांडी नसलेली सायकल असेल तर या रविवारी दहा मिनिटं काढा. ओल्या फडक्यानं फ्रेम पुसा. तीन जागा नीट बघा: तिरकी नळी सीटच्या नळीला मिळते तो जोड, पायडलच्या एक्सलभोवतीचे जोड, आणि हँडलखालच्या नळीचा खालचा जोड. रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि त्या रेघेतून गंजाचा तांबूस डाग उतरत असेल, तर तो ओरखडा समजू नका. त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर सायकल चालवणं थांबवा. वेल्डिंग करायला गेलात तर नुसता तडा भरून घेऊ नका, त्यावर जाड नळीची बाही किंवा बाजूला आधाराची पट्टी लावून मागा. खर्च थोडा जास्त येईल. ताण दुसरीकडे वळवला नाही तर आठ महिन्यांनी परत तिथेच याल.

आजोबांची सायकल अजून गोठ्यात भिंतीला टेकून उभी आहे. आईची भंगारात गेली. परवा फोनवर तिला मी हे सगळं गणित सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, आणि म्हणाली, "म्हंजे माझ्या वजनानं मोडली नव्हती तर." इतकी वर्षं तिला तसं वाटत होतं, हे मला माहीतच नव्हतं.